‘ती असंच करते’ म्हणण्यापूर्वी

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित अंश)

मी डॉक्टर नाही आणि मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि गेली तीस-पस्तीस वर्षं कविता लिहीत आलो. तरीही बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांच्या आयुष्याविषयी जगात जे संशोधन झालं, त्याबद्दल बोलायचं मी कबूल केलं. त्याचं कारण माझ्या घरात आहे.

माझी धाकटी बहीण. घरात सगळे तिला मुन्नी म्हणतात. आज ती पन्नाशी ओलांडून गेली आहे. जन्मली तेव्हा ती बराच वेळ रडलीच नव्हती, असं अम्मी सांगायची. उशिरा बसली, उशिरा चालली, बोलायलाही उशीर झाला. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी अब्बांचं शिलाईचं दुकान होतं. मुन्नी शाळेत दोन महिने गेली आणि गुरुजींनी तिला घरी ठेवायला सांगितलं. मग ती दुकानातच वाढली. घरात आम्ही दखनी बोलतो, दाराबाहेर मराठी. मुन्नी दोन्हींची आपली अशी एक खिचडी करून बोलते.

आधी शब्दांचा थोडा खुलासा करतो. आपल्याकडे ‘अध्ययन अक्षमता’ म्हटलं की वाचता-लिहिताना अडखळणारं, पण बाकी बुद्धीनं तरतरीत मूल डोळ्यांपुढे येतं. इंग्लंडमध्ये मात्र ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्द मुन्नीसारख्या माणसांसाठी वापरतात. शिकणं, समजून घेणं आणि रोजचे व्यवहार सांभाळणं ज्यांना लहानपणापासून अवघड जातं, अशी ही माणसं. आपल्या सरकारी कागदांत पूर्वी ‘मतिमंद’ लिहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द आणला. माझ्या आजच्या बोलण्यात मीही तोच वापरणार आहे. २०११ च्या जनगणनेत अशा माणसांची नोंद १५ लाखांवर होती. म्हणजे तुमच्या गल्लीत, नात्यात, ओळखीत असं एक तरी घर असणारच.

आता घडलेली गोष्ट सांगतो. २०१८ सालचा पावसाळा. मुन्नी रात्र-रात्र जागू लागली. भिंतीवर डोकं आपटायची. ताट समोर ठेवलं की ढकलून द्यायची. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर टेबलापलीकडूनच मला प्रश्न विचारत होते, तिच्याकडे एकदाच पाहिलं असेल. म्हणाले, “अशा पेशंटचं वय वाढलं की वागणूक बिघडते.” झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दार ओढून घेताना मीही म्हणालो, “हो, ती असंच करते.” हे वाक्य माझं आहे, डॉक्टरांचं नाही. म्हणून ते आज सगळ्यांसमोर सांगतो आहे.

बारा दिवस असेच गेले. मुन्नी गोळीनं पेंगायची, जागी झाली की पुन्हा भिंत. एका सकाळी माझी बायको म्हणाली, “ह्यांचा चहा बघितलात का?” मुन्नीला कढत चहा लागतो. त्यात खारी बुडवून खाणं हा तिचा रोजचा सोहळा. त्या दिवसांत ती चहावर साय धरेपर्यंत थांबायची, आणि खारीला हातही लावत नव्हती. बायकोनं मोबाइलच्या उजेडात तिचं तोंड उघडून पाहिलं. मागची दाढ किडलेली, हिरडी सुजून लाल झालेली. त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांकडे गेलो. दाढेखाली पू साठला होता. आणखी चार दिवस काढले असते तर तो गळ्यापर्यंत उतरला असता, असं त्या बाई म्हणाल्या. दाढ काढली, औषधं दिली. दोन-तीन दिवसांत ठणका उतरला आणि मुन्नी घोरत झोपली. भिंतीवर डोकं आपटणं त्यानंतर आजतागायत नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं, असं आपण म्हणतो. पण ज्याला जळतंय हे सांगताच येत नाही, त्यानं काय करावं? त्या प्रश्नानं मला वाचायला बसवलं. नोकरी ग्रंथालयातली, त्यामुळे पुस्तकं मिळवण्याची सवय होती. मुलानं इंग्रजी अहवाल छापून दिले. शब्दकोश शेजारी ठेवून, हळूहळू वाचत गेलो.

वाचताना पहिली गोष्ट कळली ती ही, की आमच्या घरी जे घडलं त्याला शास्त्रात नाव आहे. त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर ‘निदानावर पडलेली सावली’. १९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. मानसशास्त्रज्ञांना एका रुग्णाचं वर्णन वाचायला दिलं. लक्षणं तीच, त्रास तोच. फरक एवढाच, की काही जणांच्या कागदावर त्या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असं लिहिलेलं होतं. तेवढ्या एका उल्लेखानं तज्ज्ञांचं मत बदललं. एरवी ज्या त्रासाला ते आजार म्हणत होते, तोच त्रास आता त्यांना तितका महत्त्वाचा वाटेना. एका मोठ्या शब्दाची सावली बाकी सगळ्यावर पडली आणि त्या सावलीत खरा आजार दिसेनासा झाला.

ही सावली किती लांब पडते, हे इंग्लंडमध्ये मोजलं गेलं. २००७ साली ‘मेनकॅप’ या तिथल्या संस्थेनं सहा माणसांच्या मृत्यूंची हकीकत प्रसिद्ध केली. सहाही जणांना बौद्धिक अक्षमता होती, सहाही जण सरकारी आरोग्यसेवेच्या देखरेखीखाली असताना गेले. संस्थेनं अहवालाच्या नावातच म्हटलं, की हे मृत्यू बेपर्वाईनं झाले. देशभर चर्चा झाली, २००८ साली चौकशी समितीचा अहवाल आला आणि त्यातून पुढे एक मोठा अभ्यास उभा राहिला. ब्रिस्टल विद्यापीठातल्या पॉलीन हेस्लोप यांनी तो केला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात २०१० ते २०१२ या दोन वर्षांत बौद्धिक अक्षमता असलेली जी २४७ माणसं दगावली, त्या प्रत्येकाच्या मृत्यूची बारकाईनं छाननी झाली. घरच्यांशी, सांभाळणाऱ्यांशी, डॉक्टरांशी बोलून.

२०१३ साली निष्कर्ष बाहेर आले. सर्वसाधारण लोकसंख्येच्या मानानं या गटातले पुरुष सरासरी १३ वर्षं आधी गेले होते, आणि स्त्रिया २० वर्षं आधी. वीस वर्षं! इंग्लंडसारख्या देशात, जिथे दवाखान्यात पैसे मोजावे लागत नाहीत. गेलेल्यांपैकी शंभरात २२ जणांनी पन्नाशीही गाठली नव्हती. चांगले उपचार वेळेवर मिळाले असते तर टळू शकले असते, असे मृत्यू शंभरात ३७ निघाले. सर्वसाधारण लोकांत हेच प्रमाण १३ होतं.

आकड्यांपेक्षा कारणं जास्त बोलकी आहेत. यातली बहुतेक माणसं एखाद्या दुर्मिळ, असाध्य रोगानं गेली नव्हती. त्यांना बरं वाटत नाही हे कुणाच्या तरी लक्षात आलं होतं, दवाखान्यापर्यंत तक्रारही पोचली होती. घोडं अडलं ते त्यानंतर. तपासण्या लांबल्या. रक्त काढू देत नाही, यंत्रात झोपत नाही, म्हणून तपासणी राहून गेली, आणि तिला धीर देऊन किंवा वेगळ्या वेळी बोलावून ती पुरी करावी असं कुणाला सुचलं नाही. आई सांगत होती ‘हा नेहमीसारखा नाही’, ते ऐकून घेतलं नाही. एका डॉक्टरला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्यापर्यंत गेली नाही. अगदी बद्धकोष्ठासारखी, आपण हसण्यावारी नेतो ती तक्रारसुद्धा, वेळीच कुणी पाहिली नाही तर अशा माणसाच्या जिवावर बेतू शकते, हे तिथल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. हे वाचताना मला आमची दाढ आठवत होती. थोडक्यात वाचलो, एवढंच.

मग पुढचा प्रश्न पडला. ‘ती असंच करते’ हे वाक्य आपल्या तोंडात आलं कुठून? त्याच्या मुळाशी एक जुनी समजूत आहे. या माणसांची जी काही मर्यादा आहे ती सगळी त्यांच्या आत आहे, जन्मजात आहे, आणि बाहेरून काही केलं तरी फरक पडणार नाही, ही ती समजूत. इंग्लंडच्या १९१३ च्या कायद्यानं तर अशा माणसांच्या पायऱ्याच ठरवल्या होत्या. ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’, ‘फीबल माइंडेड’. आज ज्या शिव्या आहेत, त्या तेव्हा सरकारी संज्ञा होत्या. या कायद्याखाली हजारो माणसं शहराबाहेरच्या प्रचंड रुग्णालयांत जन्मभरासाठी गेली.

या समजुतीला धक्का दिला तो काही चिकाटीच्या संशोधकांनी. १९५५ साली क्लार्क आणि हर्मेलिन यांनी अशाच एका रुग्णालयातल्या ‘इम्बेसाइल’ ठरवलेल्या सहा तरुणांना पुठ्ठ्याची खोकी दुमडायला, वायर ठरावीक मापात कापायला, डाग देऊन तारा जोडायला शिकवलं. सुरुवातीला त्यांचं काम पाहून कुणीही म्हणालं असतं, की सोडून द्या. पण काम लहान-लहान पायऱ्यांत मोडून, पुन्हा-पुन्हा करून घेतलं तेव्हा ते चांगलं जमू लागलं. निष्कर्ष असा, की पहिल्या दिवशी माणूस किती करतो यावरून तो शेवटी किती करील याचा अंदाज बांधू नये.

हा निबंध अब्बांनी वाचला असण्याची शक्यता नाही. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं. पण दुकानात मुन्नीला त्यांनी आधी बटणं रंगाप्रमाणे वेगळी करायला दिली. मग आकाराप्रमाणे. मग सुई ओवायला, मग चिंधीवर बटण लावायला. किती चिंध्या वाया गेल्या असतील कोण जाणे. पण पुढे पंधरा वर्षं गावातल्या कितीतरी शर्टांची बटणं मुन्नीनं लावली. ती बटणं तुटत नसत, कारण ती दोऱ्याचे फेरे मोजत नसे, बटण हलायचं थांबेपर्यंत घालत राही.

क्लार्क यांच्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९५८ मध्ये जॅक टिझर्ड यांनी त्याहून मोठा प्रयोग केला. लंडनच्या फाउंटन हॉस्पिटलमध्ये अशी शेकडो मुलं गजबजलेल्या वॉर्डांत दिवस काढत होती. टिझर्ड यांनी त्यातली १६ मुलं ब्रुकलँड्स नावाच्या एका मोठ्या घरात हलवली. त्यांच्याशी जुळतील अशी दुसरी १६ मुलं रुग्णालयातच राहिली, तुलनेसाठी. ब्रुकलँड्समध्ये काही जादूचं औषध नव्हतं. मुलांचे छोटे गट केले, प्रत्येक गटाला ठरलेली सांभाळणारी माणसं दिली. खेळणी, गोष्टी, बाग, आणि दिवसभर कुणीतरी बोलणारं. म्हणजे आपण कुठल्याही घरात लहान मुलाला जे देतो, तेच. दोन वर्षांनी मोजलं तेव्हा या मुलांची भाषेची समज सरासरी १४ महिन्यांनी पुढे गेली होती. रुग्णालयातल्या मुलांची सहाच महिन्यांनी. ब्रुकलँड्सची मुलं शांतही झाली होती, खेळू लागली होती, माणसांना लळा लावू लागली होती. म्हणजे ज्याला सगळे मुलांचा दोष समजत होते, त्याचा मोठा हिस्सा त्या वॉर्डाचा होता.

मी यात उगाच मोठी आशा दाखवत नाही. त्या सोळा मुलांची अक्षमता नाहीशी झाली नाही. मुन्नीला आजही शंभराची नोट आणि पाचशेची नोट यांतला फरक रंगावरूनच कळतो. मर्यादा खरी आहे. पण तिच्याभोवती आपण आणखी किती भिंती घातल्या आहेत, हे वेगळं मोजावं लागतं.

अमेरिकेतल्या रॉबर्ट एजर्टन या मानववंशशास्त्रज्ञानं १९६७ साली एक पुस्तक लिहिलं. ‘द क्लोक ऑफ कॉम्पिटन्स’. आपण म्हणू, ‘सक्षमपणाची शाल’. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या संस्थेतून बाहेर पडून शहरात राहू लागलेल्या ४८ जणांचं आयुष्य त्यांनी जवळून पाहिलं. ही माणसं कामाला जात होती, काहींची लग्नं झाली होती. पण प्रत्येकाची रोजची धडपड एकच. आपण त्या संस्थेत होतो हे कुणाला कळू नये. कुणाला घड्याळ कळत नसे, तर तो मनगटावर बंद पडलेलं घड्याळ बांधायचा आणि ‘माझं थांबलंय, किती वाजले हो?’ असं विचारायचा. हे वाचून मला हसू आलं, आणि मग हसण्याची लाज वाटली. मुन्नीही वर्तमानपत्र हातात धरून बसते. कुणी आलं की पान उलटते. आम्ही त्यावर किती हसलो आहोत! ती वाचण्याची नक्कल करते असं आम्हाला वाटायचं. ती स्वतःची अब्रू सांभाळत होती.

एजर्टन यांना आणखी एक गोष्ट दिसली. यातला जवळजवळ प्रत्येकजण कुणातरी एका भल्या माणसाच्या आधारानं उभा होता. घरमालकीण, शेजारी, नवरा किंवा बायको, कामाच्या ठिकाणचा मालक. सुमारे दहा वर्षांनी संशोधक पुन्हा त्यांच्याकडे गेले, तेव्हा पुष्कळांना त्या आधाराची पूर्वीइतकी गरज राहिली नव्हती, आणि आपलं जुनं नाव उघडं पडण्याची भीतीही कमी झाली होती. बाहेरचं जग त्यांना शिकवत गेलं होतं. आधार म्हणजे कायमचं कडेवर घेणं नव्हे, हे यातून मी शिकलो.

पण हे सगळं संशोधन झालं ते या माणसांविषयी. त्यांना स्वतःला काय वाटतं हे कुणी विचारलं का? फार उशिरा विचारलं. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठातल्या डोरोथी ॲटकिन्सन यांनी जी माणसं अशा रुग्णालयांत राहून आली होती त्यांच्या तोंडून त्यांच्या कहाण्या ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली. त्यांपैकी एक मेबल कूपर. १९४४ चा जन्म. लहानपणीच आईपासून दुरावली, संस्थांमध्ये वाढली आणि सेंट लॉरेन्स नावाच्या रुग्णालयात तिनं वीसेक वर्षं काढली. अशा रुग्णालयांत कपडेसुद्धा स्वतःचे नसत, सामायिक ढिगातून मिळत. मेबलला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती बोलत गेली, ॲटकिन्सन लिहीत गेल्या, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवत गेल्या. १९९७ साली ती कहाणी पुस्तकात आली. मेबलनं पुढे शाळांमधून मुलांना आपली गोष्ट सांगितली, आपल्यासारख्या लोकांच्या संघटनेत पुढाकार घेतला. २०१० साली मुक्त विद्यापीठानं तिला मानद पदवी दिली. २०१३ मध्ये ती गेली. आज तिची कहाणी संशोधनाचा भाग म्हणून अभ्यासली जाते, आणि ती तिच्या स्वतःच्या शब्दांत आहे.

मेबलची कहाणी वाचली त्या रात्री मला माझीच एक जुनी कविता आठवली. पंचविशीत असताना मुन्नीवर लिहिलेली. तिच्यात मी तिला ‘फरिश्ता’ म्हटलं होतं, कधीही मोठं न होणारं निष्पाप मूल म्हटलं होतं. कविसंमेलनांत तिला टाळ्या पडायच्या. ती कविता मी मुन्नीला कधी वाचून दाखवली नव्हती. फरिश्त्याला कुणी विचारत नाही, की तुला काय हवंय.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी विचारलं. सरळ उत्तर आलं नाही. मुन्नी कुठल्याही प्रश्नाला ‘हां’ म्हणते. अशा माणसांकडून होकार घेणं सोपं असतं, हेही संशोधकांनी लिहून ठेवलं आहे. समोरच्याला बरं वाटावं म्हणून ही माणसं हो म्हणतात. म्हणून प्रश्न फिरवून, वेगवेगळ्या दिवशी विचारावा लागतो, वस्तू दाखवून विचारावा लागतो. आठवडाभरानं मी कपाटापाशी उभा असताना ती म्हणाली, “भाई, मला कुलूप.” तिच्या फळीवर आम्ही सगळे काही ना काही ठेवत होतो. जास्तीच्या चादरी, औषधं, माझी जुनी मासिकं. जवळजवळ अर्धं शतक ती आमच्या घरात राहत होती आणि तिची म्हणून एकही जागा नव्हती. अशी फळी मेबलच्या रुग्णालयात असते असं मला वाटत होतं. ती माझ्या घरात निघाली. मी एक लहान लोखंडी पेटी आणि कुलूप आणून दिलं. किल्ली तिच्या गळ्यात असते. आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही.

आता आपल्याकडच्या सोयींबद्दल थोडं. मुलीसाठी शाळा नाही म्हणून एका पारशी दांपत्यानं मुंबईत १९४४ साली जी शाळा सुरू केली, ती आज जय वकील शाळा म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६४ साली कामायनी सुरू झाली. म्हणजे आपल्याकडे या कामाची सुरुवात घरच्यांनीच आणि मूठभर तळमळीच्या माणसांनी केली. कायदा मागाहून आला. १९९९ साली संसदेनं राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. अठरा वर्षांवरच्या ज्या व्यक्तीला गरज आहे तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमण्याचं काम ही समिती करते. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण मिळतं आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. २०१६ च्या कायद्यानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. पालकानं त्या व्यक्तीच्या जागी सगळे निर्णय घ्यायचे नाहीत. तिच्याशी बोलून, तिच्या इच्छेप्रमाणे, गरजेपुरते घ्यायचे, अशी त्यात कल्पना आहे. कायद्याच्या भाषेत लिहिलेली ही मेबलचीच गोष्ट आहे.

हे सांगण्याचं कारण असं, की ‘आमच्यानंतर हिचं कोण?’ हा प्रश्न प्रत्येक घरात आहे आणि तो आता जास्त खरा होतो आहे. डाउन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. अमेरिकेत १९८३ साली अशा व्यक्तींचं मृत्यूच्या वेळचं मध्यम वय होतं २५. १९९७ साली ते ४९ झालं. आज साठीपर्यंतचं आयुष्य ही सर्वसाधारण गोष्ट होत आहे. पूर्वी आई-वडिलांच्या डोळ्यांदेखत ही मुलं जायची. आता आई-वडील जातात आणि ती मागे राहतात. आमच्याकडे अम्मी गेली तेव्हा मुन्नी चाळिशीत होती. अम्मीला तिच्याबद्दलचं सगळं माहीत होतं, पण ते फक्त अम्मीला माहीत होतं. कशानं तिचं पोट बिघडतं, कशाला ती घाबरते, दुखलं तर काय करते. सगळं अम्मीबरोबर गेलं. आम्हाला ते पुन्हा शोधावं लागलं, आणि दाढेच्या वेळी ते किती महागात पडत होतं ते मी सांगितलंच.

म्हणून एक अगदी साधी गोष्ट सुचवून थांबतो. इंग्लंडमध्ये अशा माणसांसाठी एक कागद तयार करतात. त्याला ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ म्हणतात. दवाखान्यात जाताना तो सोबत न्यायचा. तिथल्या काही डॉक्टरांनी वेदनेच्या खुणांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की ज्यांना बोलता येत नाही त्यांच्या दुखण्याची सर्वांना लागू पडेल अशी एक यादी करता येत नाही. प्रत्येकाच्या खुणा वेगळ्या असतात, आणि त्या रोज सांभाळणाऱ्यालाच ओळखू येतात. फक्त, बरं असताना ते माणूस कसं असतं हे आधी लिहून ठेवलं पाहिजे. तरच बिघडलं हे डॉक्टरला पटवता येतं. चौदा वर्षांवरच्या अशा प्रत्येकाची वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी करण्याची सोयही तिथे आहे. दात, कान, डोळे, थायरॉइड, वजन, पोट. तक्रार करता येत नाही, म्हणून तक्रारीची वाट न पाहता केलेली तपासणी. आपल्याकडे अशी पद्धत नसली तरी वर्षाचा एक दिवस ठरवून हे आपण स्वतः करू शकतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आज रात्रीच एक कागद घ्या. तिला काय म्हणून हाक मारलेली आवडते. ती ‘हो’ कसं सांगते, ‘नाही’ कसं सांगते. बरं असताना किती जेवते, किती झोपते. दुखलं की काय करते. सुईला घाबरते का, आणि घाबरली तर कुणी जवळ बसावं. कोणती औषधं चालू आहेत, कोणती सोसत नाहीत. हे लिहा, आणि लिहिताना तिलाही जवळ बसवून विचारा. घरात असं कुणी नसेल तर शेजारच्या घराला हे सांगा.

मुन्नीचा कागद मी लिहिला आहे. पहिली ओळ अशी आहे: ‘माझं नाव मुन्नी. चहा गार करून प्यायले, तर माझं काहीतरी दुखतंय.’ चार कवितासंग्रह झाले माझे. पण ज्याच्यावाचून कुणाचा जीव जाऊ शकला असता, असं मी लिहिलेलं हे एकच पान आहे. त्याच्या दोन प्रती मुलाकडे आहेत. तिसरी मुन्नीनं मागून घेतली आणि पेटीत ठेवून कुलूप लावलं.